'विसरू नको' म्हणणारं फूल आणि आपली निसुर्डी

आम्ही जावळी खोऱ्यातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. दर पंधरा दिवसांनी या वेळेला आपण कधी कर्जाच्या हप्त्यांवर बोलतो, कधी शेळ्यांच्या लसीवर, कधी रेशन कार्डावर. आज एका फुलाबद्दल बोलायचं आहे. फूल एवढंसं, करंगळीच्या नखाएवढं, पण त्याच्यामागे काही शतकांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या शेपटाला आमच्या गटाचं एक भांडणही बांधलेलं आहे. ते शेवटी सांगतो.

सुरुवात झाली बियाण्याच्या एका पाकिटापासून. आमच्या एका गटाची रोपवाटिका आहे. वांगी, मिरची, टोमॅटो, झेंडू अशी रोपं आम्ही ट्रेमध्ये करतो आणि बाजारच्या दिवशी विकतो. पाचगणी-महाबळेश्वरकडचे बंगलेवाले आणि हॉटेलवाले कुंडीतली फुलझाडं मागतात, त्याला भाव बरा मिळतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही एक महागडं पाकीट आणलं. वर बारीक बारीक निळ्या फुलांचं चित्र आणि इंग्रजी नाव, 'फर्गेट-मी-नॉट'. गटातल्या एका शिकलेल्या सुनेने पाकीट वाचून सांगितलं, "नावाचा अर्थ आहे, मला विसरू नकोस. आणि पेरायचं जून-जुलैमध्ये."

पाकिटावर लिहिलंय म्हटल्यावर आम्ही जूनमध्ये पेरलं. बी उगवलंही. मग आमच्याकडचा पाऊस सुरू झाला, तो तुम्हाला माहीतच आहे. आठ दिवसांत सगळी रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली. गटाच्या पैशातून आणलेलं पाकीट, त्यामुळे मासिक बैठकीत बोलणी बसली. एक मावशी तर म्हणाल्या, "विसरू नको म्हनतंय आणि आठ दिसांत आपनच गेलं."

नुकसान झालं होतं, पण या फुलाचं असं नाव कुणी ठेवलं, ही गोष्ट डोक्यातून जाईना. आम्ही साताऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो, ग्रंथालयातली पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी या फुलाची भावकी पाहू. फूल परक्या देशाचं असलं तरी त्याचं कूळ आपल्या ओळखीचं आहे. शास्त्रात त्याला बोरॅजिनेसी म्हणतात आणि मराठीत भोकर कुळ. म्हणजे ज्या भोकराचं लोणचं आपण घालतो, ज्याच्या आतला चिकट बलक हाताला चिकटून राहतो, ते झाड याच कुळातलं. रस्त्याकडेला, पडीक रानात उगवणारी भुरुंडी हीसुद्धा याच कुळातली. भुरुंडीचा तुरा आठवा. लहान लहान फुलं एकाच बाजूला ओळीने लागतात आणि शेंडा आत वळलेला असतो, विंचवाच्या नांगीसारखा. खालची फुलं आधी उमलतात आणि तसतसा तुरा उलगडत जातो. पाच पाकळ्यांचं लहान फूल, वळलेला तुरा आणि हाताला खरखरीत लागणारी केसाळ पानं, या खुणा लक्षात ठेवल्या तर या कुळातली बरीच रोपं ओळखता येतात. आमच्या डोंगरावरची निसुर्डीही यातलीच. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो. भोकर खातात म्हणून या कुळातलं सगळंच खाण्याजोगं असतं असं नाही. यातल्या बऱ्याच रोपांमध्ये यकृताला घातक असं द्रव्य असतं. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानात दुष्काळानंतरच्या गव्हात भुरुंडीच्या जातीतल्या एका तणाचं बी मिसळलं गेलं. त्या गव्हाची भाकरी खाऊन गावंच्या गावं पोटात पाणी होऊन आजारी पडली आणि कितीतरी माणसं दगावली. धान्य पाखडणं, निवडणं हे आपलं काम कुणी मोजत नाही. पण ते काम किती मोलाचं आहे, हे या एका गोष्टीतून कळतं.

आता नावांचा इतिहास. या फुलाचं शास्त्रीय नाव मायोसोटिस. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ उंदराचा कान. पानं लहान, मऊ, लवदार, म्हणून उंदराचा कान. इंग्लंडमधले लोक मात्र त्याला शेकडो वर्षं 'विंचू-गवत' म्हणत. कारण तेच, नांगीसारखा वळलेला तुरा. तेव्हा युरोपात अशी समजूत होती की देवाने प्रत्येक वनस्पतीवर तिच्या गुणाची खूण करून ठेवली आहे. तुरा विंचवासारखा दिसतो म्हणजे हे विंचवावरचं औषध, असा त्यांचा हिशेब. या फुलाने विंचू उतरत नाही. पण दिसण्यावरून औषध ठरवण्याची सवय आपल्याकडेही होती आणि अजून आहे. आपल्या भागात विंचवाने किती मुलं नेली, ते जुन्या बायांना विचारा. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि कितीतरी जीव वाचवले. १९८० च्या दशकापासून त्यांचं हे काम जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं. तेव्हा विंचू चावला तर पाला शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

मग विंचू-गवताचं 'विसरू नकोस' कधी झालं? हे नाव मूळचं जर्मन लोकांचं. त्यांच्याकडे एक दंतकथा सांगतात. एक सरदार आपल्या वाग्दत्त वधूबरोबर नदीकाठाने चालला होता. तिला काठावरची निळी फुलं आवडली म्हणून तो ती तोडायला उतरला, अंगावरच्या चिलखताच्या वजनाने पाण्यात ओढला गेला, आणि बुडता बुडता फुलं तिच्याकडे फेकून म्हणाला, "मला विसरू नकोस." आम्ही ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा बाया हसल्या. "चिलखत उतरवून ठेवायचं की आधी," असं एकीने सुनावलंच. दंतकथा ती दंतकथाच, तिला इतिहास म्हणता येणार नाही.

इतिहास असा की इंग्रजीत हे नाव रुळवण्यात एका कवीचा मोठा हात आहे. सॅम्युएल टेलर कोलरिज यांनी १८०२ साली आपल्या एका कवितेत हे नाव वापरलं आणि जर्मन भाषेत या फुलाला काय म्हणतात ते टीप देऊन सांगितलं. पुढे वीस वर्षांनी, १८२२ च्या अखेरीला, लंडनमधल्या रुडॉल्फ आकरमन नावाच्या प्रकाशकाने 'फर्गेट मी नॉट' याच नावाचं एक वार्षिक काढलं. नाताळ आणि नव्या वर्षाला भेट द्यायचं, चित्रं, गोष्टी आणि कविता असलेलं सुबक पुस्तक. आपल्या दिवाळी अंकाची आठवण यावी असं. ते खूप खपलं आणि पाहून पाहून तशी कितीतरी वार्षिकं निघाली. त्यांच्या वाचक मुख्यतः बायका होत्या आणि लिहिणाऱ्यांमध्येही बायका पुष्कळ होत्या. लिहून चार पैसे मिळवायची सोय त्या काळात बाईला फारशी नव्हती. ती या वार्षिकांनी काही जणींना करून दिली. विंचू-गवत हे नाव मग मागे पडत गेलं.

पण आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली ती एका शाळामास्तरांची गोष्ट. बर्लिनजवळ श्पांडाउ या गावी क्रिस्टियान कॉनराड श्प्रेंगेल नावाचे मुख्याध्यापक होते. त्यांना रानफुलं बघायचा नाद. १७८८ च्या उन्हाळ्यात ते हे निळं फूल निरखत होते. पाकळ्या निळ्या, आणि मधल्या बारीक भोकाभोवती पिवळं कडं. हे कडं कशासाठी? बाकीचे लोक म्हणत, शोभेसाठी. मास्तर म्हणाले, नाही, ही किड्यांसाठी खूण आहे. मध आत आहे, दार इथे आहे, असं फूल माशीला दाखवतं. माशी मध घेते आणि जाता जाता पराग नेते. रंग, कडं, रेघा या सगळ्याला काही काम आहे, हे त्यांनी शेकडो फुलांवर तपासलं आणि १७९३ साली मोठं पुस्तक काढलं.

तेव्हा त्या पुस्तकाला फारसं कुणी विचारलं नाही. फुलाला माशीची गरज लागते, ही कल्पनाच लोकांना चमत्कारिक वाटली. पुढच्याच वर्षी मास्तरांची मुख्याध्यापकी गेली. मग ते बर्लिनला राहून थोड्याशा पेन्शनवर आणि शिकवण्या करून जगले आणि १८१६ मध्ये गेले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४१ मध्ये ते पुस्तक वाचलं आणि या माणसाने किती खरं पाहिलं होतं ते जगाला सांगितलं. आज कृषी सहायक आपल्याला सांगतात की फुलोऱ्यात फवारणी करू नका, मधमाश्या मरतात, भोपळा-काकडीची फळधारणा होत नाही. त्या सांगण्याचा एक धागा नखाएवढ्या निळ्या फुलाभोवतीच्या पिवळ्या कड्यापर्यंत जातो. आणि गंमत अशी की फूल जुनं झालं की ते पिवळं कडं फिकट होऊन पांढरं पडतं. दुकानाचा दिवा मालवल्यासारखं.

नावच असं, तेव्हा ज्यांना कुणी विसरू नये असं वाटतं त्यांनी हे फूल आपलंसं केलं. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलँड नावाचं मोठं बेट आहे. पहिल्या महायुद्धात तिथली एक पलटण फ्रान्समध्ये लढत होती. १ जुलै १९१६ ला सकाळी बोमों-हामेल या ठिकाणी सुमारे ८०० जवान खंदकातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा 'हजर' म्हणायला ६८ जण उरले होते. लहानशा मुलखात घरटी कुणी ना कुणी गेलं. तिथे अजूनही १ जुलैला लोक छातीवर हे निळं फूल लावतात. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. त्याच महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. तिकडे फूल आहे, इकडे दगड आहे. आमच्या मनात मात्र एकच आलं, मागे राहिलेल्या त्या बायांची नावं कुठे लिहिली असतील?

दुसरी गोष्ट अलास्काची. अमेरिकेच्या अगदी उत्तरेचा, बर्फाचा मुलूख. तिथल्या डोंगरांवर हे फूल आपलं आपण उगवतं. १९१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ते आपलं अधिकृत फूल ठरवलं. दहा वर्षांनी अलास्काचा झेंडा कसा असावा, यासाठी शाळेच्या मुलांची स्पर्धा घेतली. ती जिंकली बेनी बेन्सन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने. त्याची आई तो लहान असतानाच वारली होती आणि तो अनाथाश्रमात वाढत होता. त्याने निळ्या कापडावर सोनेरी तारे काढले आणि लिहून दिलं की हा निळा रंग अलास्काच्या आभाळाचा आहे आणि या रानफुलाचाही. १९२७ मध्ये तो झेंडा मंजूर झाला, आजही तोच आहे. पुढे त्या झेंड्यावर मेरी ड्रेक या शिक्षण खात्यात काम करणाऱ्या बाईंनी कविता लिहिली आणि एलिनॉर ड्यूझेनबरी यांनी तिला चाल लावली. तेच अलास्काचं राज्यगीत झालं.

आता लागवडीकडे येऊ. आमचं पाकीट का फसलं, हे कॉलेजच्या बाईंनी उलगडून दाखवलं. युरोपात हे फूल ओलसर रानात, झाडांच्या विरळ सावलीत आपोआप वाढतं. तिथल्या माळ्यांनी ते बागेत आणलं आणि त्याची रीत बसवली. जून-जुलैत पेरायचं, थंडीपर्यंत रोप तयार करायचं, बर्फाळ महिने ते तसंच जमिनीलगत बसून काढतं आणि वसंतात फुलतं. ट्यूलिपच्या उंच फुलांखाली निळी चादर अंथरावी तशी ती लावतात. म्हणजे पाकिटावरचा महिना खरा होता, पण तो त्यांच्या गावचा होता. आम्ही पंचांग न बदलता पेरणी केली. जूनमध्ये तिकडे गार, कोवळा उन्हाळा असतो. आमच्याकडे आभाळ फाटलेलं असतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही दिवाळी झाल्यावर पेरलं. कुणाला करायचं असेल तर कृती लिहून घ्या. ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत भरायचं. बी बारीक असतं, ते टाकून वर मातीचा पातळ थर द्यायचा, कारण या बियाला उगवायला अंधार लागतो. झारीने हलकं पाणी. आठ ते पंधरा दिवसांत उगवतं. चार-पाच पानं आली की कुंडीत किंवा पिशवीत लावायचं. सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारची सावली. माती ओली राहावी, पण बुडाशी पाणी साचू नये. रोपं दाटीने ठेवली की पानांवर भुरी येते, म्हणून हवा खेळती ठेवायची. आमच्याकडे फेब्रुवारीत फुलं आली. कळी गुलाबी असते आणि उमलताना निळी होते, ते बघायला पोरं रोज येत होती. होळी झाली, ऊन तापलं की झाड बसलं. खाली मैदानात, माण-खटावकडे, हा काळ अजून कमी मिळेल.

कुंड्या विकल्या गेल्या, पाकिटाचे पैसे निघाले, वर थोडे उरले. फार नाही. आणि एक पथ्य आम्ही पाळतो. या परक्या फुलाचं बी किंवा वाळलेली झाडं पठारावर, ओढ्याकाठी टाकत नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत याचीच एक जात बागेतून निसटून ओढ्यांच्या काठाने पसरली आणि आता तण म्हणून उपटावी लागते. घाणेरी आपल्या डोंगरांत शोभेची म्हणून आली होती, तिने काय केलं ते आपण बघतोच आहोत.

आता निसुर्डी.

आमच्या खोऱ्याच्या डोक्यावर कासचं पठार आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पावसाळ्याच्या शेवटी तिथे आणि आसपासच्या डोंगरउतारांवर निसुर्डी फुलते. पाच पाकळ्यांचं फूल, मध्ये निळं, कडेला पांढुरकं. 'विसरू नको' फुलाची अगदी चुलत बहीण शोभावी असं. ही पश्चिम घाटाबाहेर जगात दुसरीकडे आपोआप उगवत नाही. आम्ही फुलाचा फोटो गटातल्या थोरल्या आजींना दाखवला तर त्या म्हणाल्या, "आगं, ही तर निसुर्डी. हिचं बी लुगड्याला चिकटतं. गवत कापून आलं की ओट्यावर बसून काढत बसायचं."

आणि इथे इतिहासाने आम्हाला चकित केलं. १८३९ साली, म्हणजे साताऱ्याला छत्रपतींची गादी होती त्या काळात, जॉन लिंडले नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाचं वर्णन रंगीत चित्रासह छापलं. कुठे, तर इंग्लंडमधल्या बागांत वाढवलेल्या झाडांची चित्रं छापणाऱ्या एका मासिकात. म्हणजे आमच्या डोंगरावरचं हे फूल पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या बागेपर्यंत जाऊन पोचलं होतं. लिंडले यांनी नाव ठेवलं त्याचा अर्थ आभाळासारखं निळं. पुढे शास्त्रज्ञांनी वर्गवारी बदलली तसं ते नाव बदलत गेलं, अगदी अलीकडे १९९१ मध्ये. प्रत्येक वेळी नाव बदलणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या पुढे लिहिलं गेलं. 'निसुर्डी' मात्र इतकी वर्षं तशीच आहे, आणि ते नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याची कुठेच नोंद नाही. लुगड्याचे काटे काढत बसलेली कुणी बाईच असणार, असं आम्हाला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

आता ते भांडण. आमची निळ्या फुलांची कुंडी पाहून शहरातला, बागा सजवून देणारा एक माणूस आला. म्हणाला, "हे फूल सगळीकडे मिळतं. मला तुमच्या डोंगरावरची निसुर्डी द्या. मुळासकट उपटून पिशवीत लावा. रोपाला तीस रुपये देतो, पाहिजे तेवढी घेतो." पठारावर फूल तोडायलाही बंदी आहे, ती जागा वनखात्याची, हे सगळ्यांना माहीत. पण मालकी रानात, कड्याखालच्या उतारावर निसुर्डी असते, तिथे कोण बघायला येतंय?

बैठकीत दोन तट पडले. आमच्या एका ताईंचे मालक वारलेले, दोन हप्ते थकलेले. त्या म्हणाल्या, "फूल वाचवायचं म्हणता, आमाला कोन वाचवनार? दर साली उगवतंय की." त्यांचं चुकलं असं म्हणायची आमची तरी छाती झाली नाही. थोरल्या आजी म्हणाल्या, "उपटल्यावर बी कुठनं पडायचं? औंदा पैसं मिळतील, फुडल्या साली मग काय उपटाल?" बोलता बोलता आवाज चढले. शेवटी हात वर करून मतं घेतली. नऊ जणी नको म्हणाल्या, सात जणी हो म्हणाल्या. त्या ताई उठून गेल्या आणि पुढच्या दोन बैठकींना आल्या नाहीत.

नको म्हणणं सोपं होतं, पण ज्या बाईच्या हातचे पैसे गेले तिचं काय, हा प्रश्न आम्हा सगळ्याजणींवर येऊन पडला. गटाच्या अंतर्गत निधीतून तिचे दोन हप्ते पुढे ढकलले आणि दंड माफ केला. रोपवाटिकेच्या कामाची मजुरी आधी तिला द्यायची असं ठरलं. त्यावरूनही कुरकुर झाली. ती आजही पूर्ण मिटलेली नाही.

निसुर्डीच्या बाबतीत मार्ग काढला तो त्या ताईंनीच. कार्तिकात गवत कापून आल्यावर त्यांनी पदराला, परकराला चिकटलेले काटे काढून डबीत जमवले आणि डबी बैठकीत आणून ठेवली. म्हणाल्या, "हे तर आपल्याच अंगावर आलंय, उपटलं न्हाय." इंग्लंडच्या बागेत जर ते बियापासून वाढलं, तर आपल्या बांधावर का नाही वाढणार? पहिल्या पावसाला आम्ही ते बी त्यांच्याच बांधावर टाकलं. बरंच गेलं, काही उगवलं. दुसऱ्या पावसाळ्यात बांधावर निळी फुलं दिसली आणि माश्याही दिसल्या. तो बागवाला परत फिरकला नाही. निसुर्डीच्या एका रोपाचेही पैसे अजून आम्हाला मिळालेले नाहीत, हे खरं तेच सांगतो. पण बी आता आमच्या डबीत आहे, आणि उद्या कुणी रोप मागितलं तर डोंगराला हात न लावता ते देता येईल इतकं आम्ही शिकत आहोत.

आणखी एक काम सुरू केलंय. गटाच्या ठरावाच्या वहीला मागच्या बाजूने उलटं करून आम्ही झाडांची नावं लिहितो. झाडाचं गावातलं नाव, ते कशाला वापरतात किंवा वापरत नाहीत, कधी फुलतं, बी कधी धरायचं. आणि शेवटच्या रकान्यात, हे कोणी सांगितलं. पहिल्या ओळीत निसुर्डी आहे आणि तिच्यापुढे थोरल्या आजींचं पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट. नाव लिहिलं तेव्हा आजी म्हणाल्या, "माझं कशाला? फुलाचं लिवा." आम्ही दोन्ही लिहिलं. त्या यंदाच्या संक्रांतीला गेल्या. वहीत आतापर्यंत ६३ झाडं झाली आहेत आणि त्यातली अकरा त्यांनी सांगितलेली आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही निळी, पांढरी, पिवळी अशी नखाएवढी फुलं असतील आणि त्यांची नावं माहीत असलेली कुणी आजी, आत्या असेल. येत्या बैठकीला वहीची मागची चार पानं त्यासाठी ठेवा. सांगणारीचं नाव लिहायला विसरू नका. आणि तुमच्याकडे निसुर्डीला, भुरुंडीला वेगळं काही म्हणत असतील तर आपल्या केंद्रावर चिठ्ठी पाठवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू. आता दिवाळी जवळ आली आहे. ट्रे धुऊन ठेवा.